ऐन ध्वनिमुद्रणात बंद पडणारा संगणक

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. शाळेत संगीत शिकवतो आणि वसरीला लागून असलेल्या खोलीत हौसेने ध्वनिमुद्रण करतो. भजने, नाट्यपदे, चवथीच्या आरत्या असे त्याचे स्वरूप असते. संगणक पाच वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून घेतलेला आहे. पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून तो टेबलाखालच्या कपाटात ठेवला आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीतला पंखा व एसीही बंद असतो. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. मे महिन्यापासून तो वरचेवर बंद पडू लागला. कधी एकदम अंधार होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो, कधी ब्लू स्क्रीन येते, कधी नुसते रीपर, म्हणजे मी ध्वनिमुद्रणाला वापरतो ते सॉफ्टवेअर, बंद होते. दुरुस्तीवाल्याने दोनदा विंडोज नव्याने टाकले आणि रॅमची आणखी एक पट्टी बसवली. ब्लू स्क्रीन बहुधा त्यानंतरच दिसू लागली. रात्री एकटा एडिटिंग करत बसतो तेव्हा मात्र काहीच होत नाही, जे होते ते रविवारी दुपारी मंडळी जमल्यावर होते. गेल्या महिन्यात आमच्या गावचे ८४ वर्षांचे बुवा घुमट आरत्या (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायच्या आरत्या) गायला आले होते. अर्ध्या तासाने संगणक बंद पडला आणि सगळे गेले. फाइल दिसते, पण उघडली की लांबी शून्य दाखवते. आता मदरबोर्ड बदला, नाहीतर ६० हजारांचा नवा संगणक घ्या, असे मला सांगण्यात आले आहे. काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

संगणकाचे नंतर पाहू, आधी बुवांच्या आरत्या. त्या गेल्या असे तुम्ही लिहिले आहे, पण तुमच्याच पत्रावरून मला तसे वाटत नाही. रीपर ध्वनिमुद्रण चालू असताना आवाज नुसता मेमरीत साठवून ठेवत नाही, तो सतत डिस्कवर लिहीत जातो. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला एक छोटा मथळा असतो, त्यात सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले तो आकडा), चॅनेल आणि आवाजाची एकूण लांबी नोंदलेली असते. खरी लांबी तिथे भरली जाते ती ध्वनिमुद्रण रीतसर थांबवल्यावर. संगणक मध्येच बंद पडला की तो रकाना तसाच राहतो आणि फाइल उघडणारे सॉफ्टवेअर ती रिकामी आहे असे धरून चालते, आत आवाज पूर्ण असला तरीसुद्धा. म्हणून आधी फाइलवर उजवे क्लिक करून तिचा आकार पाहा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी मांडणी असेल तर एका मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या एका माइकच्या फाइलचा आकार अडीचशे एमबीच्या आसपास असला पाहिजे. तो तसा असेल तर बुवांचा आवाज त्या डिस्कवर शाबूत आहे असे समजायला हरकत नाही.

तो बाहेर काढण्यासाठी प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि पुढचे सारे त्या प्रतीवरच करा, मूळ फाइलला हात लावू नका. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याच्या फाइल मेनूत इम्पोर्टखाली रॉ डेटा असा पर्याय आहे, तो मथळ्याकडे न पाहता फाइलमधला मजकूर थेट आवाज म्हणून वाचतो. तिथे साइन्ड २४ बिट पीसीएम, लिटल एंडियन, एक चॅनेल आणि तुमच्या प्रकल्पाचा सॅम्पल रेट निवडा. स्टार्ट ऑफसेट प्रथम शून्य ठेवा. आवाजाऐवजी नुसती जोरकस खरखर ऐकू आली तर घाबरू नका. २४ बिटचा प्रत्येक नमुना तीन बाइटचा असतो आणि वाचायला सुरुवात एखाद्या बाइटने चुकली की सगळ्याचीच खरखर होते, म्हणून ऑफसेट १ करून पाहा, तरी जमले नाही तर २. या तिन्हींपैकी एकात बुवा ऐकू येतील. त्यांची पट्टी चढी किंवा उतरी वाटली तर सॅम्पल रेट चुकला आहे, ४८ हजारांच्या जागी ४४,१०० घालून पुन्हा उघडा. सुरुवातीला मथळ्याचा जो एक टिचका ऐकू येईल तो कापून टाका आणि फाइल नव्या नावाने जतन करा.

फाइलचा आकारच शून्य दिसत असेल तर मात्र त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नका आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती न्या. साध्या हार्ड डिस्कवर आशा बरी असते, एसएसडीवर कमी. काहीही असले तरी ही प्रत निघेपर्यंत संगणक पुन्हा फॉरमॅट करायला कोणाच्याही हाती देऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे वळू. तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे रात्री एडिटिंग करताना काहीच होत नाही, हे. मदरबोर्ड निकामी होत असता तर त्याने रात्रीही कधी ना कधी त्रास दिला असता. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच, मग रविवारी दुपारी वेगळे काय असते, हा प्रश्न दुरुस्तीवाल्याने विचारायला हवा होता. वेगळे असते ते असे: पंखा व एसी बंद, कपाटाचे दार लावलेले, बाहेर दुपारचे ऊन, गावातला विजेचा दाब त्या वेळी उतरलेला असण्याचा संभव, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य), कासाळे (झांजा), पेटी आणि गायक मिळून सात-आठ माइक एकाच वेळी चालू, आणि संगणक इतका वेळ अखंड कामात. यांतले पहिले चार मुद्दे संगणकाच्या बाहेरचे आहेत आणि माझा रोख त्यांच्यावरच आहे.

तुम्ही तीन वेगवेगळ्या लक्षणांना एकच आजार मानले आहे, ते मी वेगळे करीन. एकदम अंधार होणे हे बहुतेक वेळा विजेचे किंवा उष्णतेचे लक्षण असते. ब्लू स्क्रीन म्हणजे विंडोजने स्वतः चूक ओळखून थांबणे. तिच्यामागे रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क असते. नुसते रीपर बंद होणे हे जवळजवळ नेहमी एखाद्या प्लगइनचे, म्हणजे रीपरला जोडलेल्या इफेक्टच्या छोट्या सॉफ्टवेअरचे, काम असते. कोणते लक्षण किती वेळा आले हे आठवणीवर सोडू नका, विंडोज त्याची नोंद ठेवते. स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी हा शब्द टाइप केला की दिवसवार तक्ता उघडतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम विभागात कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल. ही नोंद पाहून पुष्कळ जण पॉवर सप्लाय बिघडला असा निष्कर्ष काढतात, तो घाईचा आहे. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला चूक नोंदवायलासुद्धा वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागच्या जागी गोठले. कोड शून्याखेरीज काही असेल तर ती ब्लू स्क्रीनच होती, फक्त तुम्हाला दिसली नाही. ती दिसावी म्हणून सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्ट ही खूण काढून टाका. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते करण्यापूर्वी एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

त्यानंतर एक चाचणी करा, मंडळींना न बोलावता. रविवारी दुपारी नेहमीच्याच वेळी पंखा आणि एसी बंद करा, कपाट लावा, सगळे माइक जोडा आणि रिकाम्या खोलीचे ध्वनिमुद्रण तासभर चालू ठेवा. बाजूला एचडब्ल्यूइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालू असू द्या, ते प्रोसेसरचे तापमान फाइलमध्ये नोंदवत राहते. संगणक बंद पडला तर दुसऱ्या वेळी फक्त कपाटाचे दार उघडे ठेवून तेच करा. तिसऱ्या वेळी दार उघडे ठेवून शिवाय संगणक इन्व्हर्टरवरून काढून थेट विजेवर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य फार काटेकोरपणे पाळा. तुमच्याकडे आजवर विंडोज आणि रॅम दोन्ही बदलले गेले, आणि म्हणून कशाने काय झाले हे आज कोणालाच सांगता येत नाही.

कपाटाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण घरगुती स्टुडिओत हे दुखणे फार सर्रास दिसते. बंद कपाटात संगणक स्वतःच तापवलेली हवा पुन्हा आत ओढतो. खोलीतच ३२-३३ अंश असतील तर कपाटातले तापमान त्याहून कितीतरी वर जाते. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही ताप चढत गेला तर स्वसंरक्षणासाठी यंत्र एका क्षणात बंद करतात. मात्र अशा वेळी यंत्र सहसा बंदच राहते, तुमचे तर आपोआप सुरू होते. म्हणून माझा तर्क असा आहे की उष्णतेने इथे आडमार्गाने नुकसान केले आहे. पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यात, कपॅसिटर असतात. ते थोडी वीज साठवून ठेवतात आणि बाहेरची वीज क्षणभर तुटली तरी चांगल्या स्थितीतल्या एसएमपीएसला सुमारे १६ मिलिसेकंद तग धरू देतात. सतत उष्णतेत राहिलेले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात आणि हा अवधी घटत जातो. पाच वर्षे कपाटात काढलेल्या एसएमपीएसकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

इथे इन्व्हर्टरचा संबंध येतो. वीज गेल्यावर, किंवा दाब फार उतरल्यावर, इन्व्हर्टर बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोड आणि साधा मोड निवडायचा खटका असतो. यूपीएस मोडमध्ये हा बदल झटपट होतो, पण दाब ढोबळमानाने १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेला की लगेच होतो, म्हणून दुपारच्या उतरत्या दाबात तो पुनःपुन्हा होऊ शकतो. साध्या मोडमध्ये तो क्वचित होतो, पण सावकाश, आणि त्या अवधीत पंख्याच्या वेगात फरक जाणवतही नसला तरी संगणक मान टाकतो. तुमचा खटका कुठे आहे ते आजच पाहा, साध्यावर असेल तर यूपीएसवर करा. शिवाय दुपारी मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमधला दाब मोजून ठेवा. कायमचा उपाय म्हणजे संगणकासाठी स्वतंत्र छोटा यूपीएस, १००० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा. नव्या धाटणीच्या पुष्कळ एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही आणि बॅटरीवर जाताच ते बंद पडतात. हा यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर नको, थेट विजेच्या लाइनवर लावा. त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र सॉकेट काढून घ्यावा लागेल.

तो आलेलाच असेल तर अर्थिंगही तपासायला सांगा. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नुसता नावापुरता उरतो. वाईट अर्थिंगमुळे संगणक सहसा बंद पडत नाही, परंतु ध्वनिमुद्रणात घोंघाट येतो आणि माइकला किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला तर कारण शोधायला हवे. माइक हातात धरून, ओठांशी नेऊन माणसे गात असतात, म्हणून याबाबत मी तडजोड करू देणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर तोही बसवून घ्या.

कपाटाला पर्याय आहे, आणि तो खर्चाचा नाही. संगणक खोलीबाहेर ठेवा. यूएसबी २ ची केबल पाच मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, मॉनिटरची केबलही तेवढी चालते, आणि भिंतीत एक भोक पाडले की यंत्र शेजारच्या खोलीत जाते. पंख्याचा आवाज कायमचा संपतो आणि यंत्राला मोकळी हवा मिळते. हलवण्यापूर्वी कॅबिनेट उघडून धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी लावून घ्या. मदरबोर्डवरचा एखादा कपॅसिटर वर फुगलेला दिसला तर मात्र मदरबोर्डाविषयीचा सल्ला खरा मानावा लागेल. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ जीवघेणा दाब राहतो.

पावसाळ्यातली एक गोष्ट जाता जाता सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. मंडळी येण्यापूर्वी खोली एसीने १८-२० अंशांपर्यंत थंड केली, मग एसी बंद केला आणि दारे उघडून सगळे आत आले, की बाहेरची दमट हवा थंड पडलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरते, माइकच्या पडद्यावर आणि बंद संगणकाच्या आतसुद्धा. एसी २६ वर ठेवा आणि संगणक अर्धा तास आधी सुरू करा.

ब्लू स्क्रीनचे कारण मला पुष्कळ सरळ वाटते. ती दुसरी पट्टी बसवल्यानंतर सुरू झाली असेल तर ती पट्टी काढून ठेवा आणि काही दिवस जुन्या एकाच पट्टीवर काम करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालतातच असे नाही. खात्रीसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी परत करायची, एका चुकीने काय होते असे म्हणायचे नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम अधिक वेगाने चालवायची सोय) चालू असेल तर ते बंद करून पाहा. दमट हवेत पट्टीच्या सोनेरी दातांवर थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवली एवढ्यानेही कधीकधी काम भागते.

रीपर बंद होण्याबद्दल थोडक्यात. ध्वनिमुद्रण करताना इफेक्ट लावूच नका, ते नंतर लावता येतात. संशयित प्लगइनवर उजवे क्लिक करून ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय रीपरमध्ये आहे, त्यामुळे ते कोसळले तरी रीपर तगून राहते. कुलूप तोडून वाटलेली महागडी प्लगइन कोणी दिली असतील तर ती सगळी काढून टाका, त्यांच्यात केलेली मोडतोड हे बंद पडण्याचे मोठे कारण असते. आरत्यांसाठी रीपरबरोबर येणारी रीइक्यू आणि रीकॉम्प पुरून उरतात. इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचा) ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याकडचाच असू द्या, विंडोज नव्याने टाकल्यावर तो राहून गेलेला असू शकतो. इंटरफेस कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावा, मध्ये हब नको.

नवा संगणक घ्यावा का? आज नाही. तोच संगणक त्याच कपाटात, त्याच इन्व्हर्टरवर ठेवला गेला तर ६० हजार घालूनही काही वर्षांनी तुम्ही इथेच येऊन थांबाल. माझ्या अंदाजाने तुमचा खर्च यूपीएस, एक चांगला एसएमपीएस आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी एवढ्यावर भागेल. एसएमपीएस नवा घेण्याआधी ओळखीच्या कोणाकडचा आणून रविवारची चाचणी एकदा करा. या सगळ्यानंतरही, मोकळ्या हवेत, यूपीएसवर आणि एकाच चांगल्या पट्टीवर संगणक बंद पडत राहिला तर मदरबोर्डावर संशय घेणे रास्त ठरेल. विंडोज १० वर असाल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ घेऊ शकतो का हे त्या वेळी पाहून मगच मदरबोर्ड की नवे यंत्र हे ठरवा.

चवथ जवळ आली आहे आणि त्या दिवसांत बुवांना पुन्हा गायला बसवायचे तुमच्या मनात असेल. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, पण जुन्या बुवांच्या तोंडी असलेल्या चाली आणि ठेके जपणारे तुमच्यासारखेच लोक आहेत, म्हणून त्या दिवशी एकट्या संगणकावर विसंबू नका, तो तोवर दुरुस्त झालेला असला तरी. बॅटरीवर चालणारा, मेमरी कार्डावर लिहिणारा एखादा हातातला रेकॉर्डर कोणाकडून मिळवा आणि बुवांच्या पुढ्यात चार-पाच फुटांवर ठेवा, किमान मोबाइल विमान मोडवर टाकून ध्वनिमुद्रणाला लावा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रकल्प दर काही मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय आहे, ती ध्वनिमुद्रण चालू असतानाही लागू राहील अशी ठेवा. आणि पाच-सहा आरत्या सलग घेण्याऐवजी प्रत्येक आरतीनंतर ध्वनिमुद्रण थांबवा, म्हणजे तोवरच्या फाइलींचे मथळे पूर्ण होतील आणि बुवांनाही पाणी प्यायला उसंत मिळेल.